आमसुलं, आगळ आणि ऑनलाइन विक्री: लहान उत्पादकाच्या हातात नक्की काय उरतं?

सुरंगी

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यातल्या काही महिला बचत गटांचे हिशोब मी बघते. आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळीथ पीठ, आंबापोळी, फणसपोळी, मालवणी मसाला असा माल. प्रत्येक प्रशिक्षणात गटांना एकच सांगितलं जातं, "ऑनलाइन जा." गेल्यावर पाकिटामागे काय सुटतं हे मात्र कोणी मांडून दाखवत नाही. ते इथे मांडते आणि तुमचे अनुभवही हवे आहेत.

आकडे समजण्यापुरते घेतलेत. प्रत्येक संकेतस्थळाचे दर वेगळे असतात आणि वरचेवर बदलतात.

पाव किलो आमसुलांचं पाकीट, विक्री १८० रुपये. फळ, मीठ आणि मजुरी मिळून ८०. पाऊच आणि लेबल १२, खोका ८. म्हणजे माल घरातून निघतानाच १०० रुपयांचा झाला. संकेतस्थळाचं कमिशन १५ टक्के धरलं तर २७. ऑर्डरमागे ठरावीक शुल्क २०, पोचवण्याचे ५०. हे झाले ९७, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे साडेसतरा. सगळे मिळून दोनशे साडेचौदा. १८० ला विकलेल्या पाकिटावर ३४ रुपयांहून जास्त तोटा.

हा तोटा बऱ्याच गटांना दिसतच नाही, कारण बायका स्वतःची मजुरी धरत नाहीत. रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायची, बिया वेगळ्या करायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, सुकली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. एवढं सगळं "घरचंच काम" म्हणून शून्यात जातं आणि वहीत नफा दिसतो.

आता तीन वस्तूंचा संच बघा: आमसुलं, कुळीथ पीठ, आंबापोळी. विक्री ५६०, माल आणि पॅकिंग ३२०. त्याच दराने कमिशन ८४, शुल्क २०, पोचवणं ७५, वर जीएसटी ३२. हातात उरले २९. हाच संच ओळखीच्या ग्राहकाने थेट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला, पार्सलला ९० गेले, तर उरतात १५०. यूपीआयने आलेल्या पैशांवर व्यापाऱ्याला व्यवहार शुल्क नाही, जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे.

२९ आणि १५०. माझं म्हणणं या दोन आकड्यांवर उभं आहे. पहिली ऑर्डर मोठ्या संकेतस्थळावरून येऊ दे, त्यावर फार सुटलं नाही तरी चालेल. त्याच घरातून दुसरी ऑर्डर मात्र थेट गटाकडे आली पाहिजे. त्यासाठी ग्राहक कोण, कुठे राहतो, काय आवडलं, हे गटाला माहीत हवं. संकेतस्थळावर ही माहिती झाकलेली असते. वर्षभर पाकिटं जातात आणि गटाच्या वहीत एकाही ग्राहकाचं नाव नसतं. याची मला खरी काळजी वाटते.

दुसरी गोष्ट हंगामाची. रातांबे एप्रिल-मे मध्ये येतात आणि पावसाच्या आत सुकायला हवेत. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात पोचला. सुकवायचे हक्काचे दिवस गेले. संकेतस्थळावर माल संपला की पान मागे पडतं, पुन्हा वर यायला जाहिरात द्यावी लागते. ज्यांच्याकडे ग्राहकांची स्वतःची यादी होती त्यांना "यंदा निम्माच माल आहे, आधी कोणाला पाठवू?" असं विचारता तरी आलं, आणि लोकांनी समजून घेतलं. मार्चमध्ये आगाऊ नोंदणी घ्यायची आणि त्या अंदाजाने रातांबे उचलायचे, हे मला कुठल्याही नव्या अ‍ॅपपेक्षा मोठं काम वाटतं.

तुमच्याकडे कसं चालतं? विशेषतः ज्यांनी दोन्ही वाटा वापरल्यात त्यांनी लिहावं.

---

घडवंची

सुरंगीताई, हिशोब पटला, निष्कर्ष अर्धाच पटला.

आमचा पुण्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा घरचा धंदा आहे. दुकानात येणारं गिऱ्हाईक म्हणजे पेठांतलं आणि लग्नसराईतलं. संकेतस्थळावर गेल्यानंतर कोइमतूर, गुवाहाटी अशा ठिकाणांहून ऑर्डरी आल्या. तिथल्या माणसाला आमचं नाव कळायचा दुसरा रस्ताच नव्हता. त्या ऑर्डरीवर थोडं सुटलं तरी मी त्याकडे जाहिरातीचा खर्च म्हणून बघतो. पूर्वी वर्तमानपत्रातल्या चौकटीला पैसे जायचे आणि ती वाचून कोण आलं ते कळायचंही नाही.

यादीबद्दल एक सावधगिरी. संकेतस्थळावरून गेलेल्या पार्सलात "पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या" अशी चिठ्ठी घालणं बहुतेकांच्या नियमांत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. पण पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार लेबलवर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, ईमेल छापावाच लागतो. तो नीट, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा. ज्याला माल आवडतो तो पाकीट उलटून बघतो आणि फोन करतो. आमचे कायमचे कितीतरी ग्राहक असेच आलेत.

---

मंजिरी_ठाणे

मी निव्वळ ग्राहक. आमसुलं आणि आगळ दरवर्षी लागतं, सोलकढी आमच्याकडे रविवारी ठरलेली.

घडवंचींनी लेबलचं लिहिलंय त्याला माझी जोड. घरगुती मालाच्या पाकिटावर बऱ्याचदा तारीखच नसते, किंवा शिक्क्याची शाई पुसलेली असते. आमसुलं जुनी झाली की काळी आणि कडक होतात हे मला कळतं, पण शहरात वाढलेल्या माझ्या सुनेला तारीखच बघावी लागते. आणि पाकिटावर "कोकम" एवढंच लिहून भागत नाही. मीठ किती आहे, भिजवून घ्यायचं की तसंच घालायचं, सरबताचं आहे की आमटीचं, हे लिहा. सोबत सोलकढीची कृती दोन ओळींत दिलीत तर ज्यांनी कधी केली नाही तेही घेतील.

एक तक्रारही सांगते. आगळाची बाटली पार्सलमध्ये फुटली आणि सोबतच्या कुळथाच्या पिठाचा लगदा झाला. विकणारीने पैसे परत केले, चांगलीच होती बिचारी, पण तिचं केवढं नुकसान झालं असेल.

---

सुरंगी

मंजिरीताई, या बाटलीने आमच्याही गटांना फार छळलंय. आता जे जमलंय ते सविस्तर लिहिते, कोणाला उपयोग होईल.

आगळ म्हणजे मीठ आणि आंबटपणा, त्यामुळे धातूचं झाकण गंजतं. काचेची बाटली दुकानात शोभते, कुरिअरला नको. खाद्यपदार्थांसाठीची जाड प्लास्टिकची बाटली घ्यायची, तोंडावर फॉइलचं सील मारायचं. हाताने चालवायचं छोटं सीलिंग यंत्र मिळतं, दोनतीन गटांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही. झाकण घट्ट करून त्यावर टेप, मग बाटली स्वतंत्र जाड पिशवीत बंद. सील मारलेली बाटली रात्रभर कागदावर आडवी ठेवायची आणि सकाळी कागद बघायचा. डाग दिसला तर ती बाटली पार्सलमध्ये जात नाही. पीठ आणि आगळ एका खोक्यात घालायचंच असेल तर मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत.

लेबलवर कृतीच्या दोन ओळी घालायची सूचना गटात नक्की मांडते.

---

करसल्ला

चर्चा छान चालू आहे, पण एका मुद्द्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही आणि तो महागात पडू शकतो.

महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची उलाढाल मर्यादा ४० लाख आहे. पूर्वी ई-कॉमर्स संकेतस्थळावर विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही संकेतस्थळावर माल विकता येतो. पॅन देऊन जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. मात्र विक्री आपल्याच राज्यात. कंपोझिशन योजनेतल्यांनाही (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची योजना) तीच अट.

आता नीट वाचा. करपात्र माल राज्याबाहेर विकला की, मग तो संकेतस्थळावरून असो वा व्हॉट्सअ‍ॅपवरून, ४० लाखांची सूट लागू होत नाही, नोंदणी घ्यावी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे, खाद्यपदार्थांना ती मिळत नाही. त्यामुळे कुडाळहून ठाण्याला पार्सल आणि कुडाळहून बेळगावला किंवा पणजीला पार्सल, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पणजी कुडाळला ठाण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, तरीही.

माझा सल्ला असा. उलाढाल लहान असेपर्यंत मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक एवढाच बाजार धरा, तो काही लहान नाही. बाहेरच्या ऑर्डरी सारख्या येऊ लागल्या की नोंदणी घ्या. नोंदणीमुळे कमिशनवर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावटही मिळते. सुरंगीताईंच्या हिशोबातले ते साडेसतरा रुपये नोंदणी नसलेल्याच्या खिशातून कायमचे जातात. लोणची, जॅम, फरसाण अशा अनेक पदार्थांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे नोंदणीची धास्तीही पूर्वीइतकी नको. फक्त विवरणपत्रं वेळेवर भरायला कोणीतरी जबाबदार माणूस हवा.

---

देवगडी

वाचनखूण साठवली. करसल्ला साहेबांचा प्रतिसाद छापून गटांत वाटावा असा आहे.

आमच्याकडे हापूसचा प्रश्न वेगळा. नाव आमचं आणि पेटीत आंबा दुसरीकडचा. भौगोलिक मानांकन २०१८ चं आहे, पण बाजारात पेटी बघून गिऱ्हाईकाला काय कळणार? २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर लावायचा क्रमांकित स्टिकर आणला. काढला की फाटतो, म्हणून दुसऱ्या फळावर लावता येत नाही, आणि त्यावरच्या क्रमांकावरून खातरजमा होते. बागायतदाराला त्याच्या झाडांच्या अंदाजानेच स्टिकर मिळतात, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नाहीतर स्टिकरही बाजारात विकत मिळाले असते.

सुरंगी, तुमच्या गटांनी हे करावं: सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ पासून मानांकन आहे. "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नाव नोंदवलं की पाकिटावर ते चिन्ह कायदेशीररीत्या लावता येतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर अर्जाचं सरकारी शुल्क फक्त १० रुपये आहे. कागदपत्रं गोळा करायची कटकट असते, पण गटागटाने एकत्र केली तर निभावते. चिन्ह असलं की १८० च्या पाकिटाला २२० मागता येतात, आणि तुमचा अख्खा हिशोब तिथेच बदलतो.

---

नाक्यावरचं दुकान

मी डोंबिवलीत किराणा आणि कोकणी माल ठेवतो. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांनी आमची तेल-साखर-बिस्किटं नेली, ते खरं आहे. उरलं काय? ताजी फणसपोळी, या हंगामातली आमसुलं, गावठी कुळीथ. म्हणजे तुमचा माल हाच आता माझ्या दुकानाचा आधार आहे. त्यामुळे "थेट ग्राहकाला विका" म्हणताना आम्हाला वगळू नका. मी एकदम माल घेतो, एकच खोका येतो, पोचवण्याचा खर्च पाकिटामागे चारपाच रुपयांवर येतो. मी पंचवीस टक्के मार्जिन घेतलं तरी तुमच्या २९ रुपयांच्या हिशोबापेक्षा गटाला जास्तच सुटेल.

मी गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप यादीवर "आज माल आला" असा फोटो टाकतो. दुपारपर्यंत निम्मा जातो.

---

सुरंगी

तुमच्यासारखे दुकानदार असतील तर माझी काहीच हरकत नाही, उलट आनंद आहे. अडचण उधारीची आहे. मुंबईतल्या काही दुकानांत "विकलं की देतो" म्हणून माल ठेवून घेतात आणि दिवाळीचा माल होळीपर्यंत फिरवतात. गटाचं भांडवल तिथेच अडकलं की एप्रिलमध्ये रातांबे घ्यायला पैसे नसतात. ते घ्यायला मग व्याजाने काढतात.

---

करसल्ला

यावर कायदा आहे, वापरला जात नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकर कायद्यात तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत दिली नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. मोठ्या दुकानांना ही गोष्ट बरोबर समजते, कारण कर वाढतो.

यासाठी गटाची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) हवी, आणि ती माल देण्याआधीची हवी. नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. दोन हजार, तीन हजार घेऊन "सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा, "मुदत ४५ दिवस" असं बिलावर आणि ऑर्डरच्या पत्रावर लिहा. भांडायची वेळ बहुतेकदा येत नाही.

---

परसदार

ओएनडीसीचं, म्हणजे सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ऑनलाइन विक्रीच्या खुल्या जाळ्याचं, नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून विचारतो. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी स्थापन झाली, एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली, तेव्हा मोठ्या संकेतस्थळांना पर्याय म्हणून फार आशा होती. विक्रेत्याचं अ‍ॅप वेगळं, ग्राहकाचं वेगळं, मधलं जाळं सगळ्यांना खुलं. कल्पना मला आजही योग्य वाटते. कोणी खाद्यपदार्थ विकलेत का त्यावर?

---

घडवंची

भांडी विकली आहेत. कमिशन कमी पडलं. पण अ‍ॅपवर मालाची यादी करणं, फोटो, माल पोचवणं, परतावा, तक्रार, हे कोणी तरी करावंच लागतं. मोठ्या संकेतस्थळावर ते एका छपराखाली होतं, इथे विक्रेत्याच्या अ‍ॅपवर अवलंबून आहे. ज्या गटाकडे रोज मोबाइल बघणारी एखादी मुलगी आहे त्यांनी जरूर करून बघावं. तशी कोणी नसेल तर आधी दोन-तीन वस्तूंचे चांगले फोटो काढा आणि गूगल नकाशावर गटाची मोफत नोंद करा. "कुडाळ आमसूल" शोधणाऱ्याला तुमचा फोन नंबर दिसला पाहिजे. नावं दोन्ही लिहा, आमसूल आणि कोकम. शहरातली मुलं कोकमच शोधतात.

---

कातळसडा

पोचवण्याच्या खर्चाबद्दल. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५००० ने भागतात. ३० बाय २० बाय २० चा खोका म्हणजे १२००० भागिले ५०००, झाले २.४ किलो. आत तांदळाच्या फेण्या ८०० ग्रॅमच असतील, पैसे २.४ किलोचे. फेण्या, पापड, मिरगुंड विकणारे इथेच बुडतात. बाजारात मिळेल तो खोका न घेता आपल्या संचाच्या मापाचा एकच खोका करून घ्या.

आणि घरपोच रोख घेण्याची सोय नव्या ग्राहकाला देऊ नका. पार्सल परत आलं की दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्यावर, वर आंबापोळी उन्हात दोनदा फिरलेली. निम्मे आगाऊ यूपीआयने घेतले तरी पार्सल परत येणं फार कमी होतं.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. इथल्या मराठी घरांत आगळ आणि मालवणी मसाल्याला कायम मागणी आहे, पण थेट पार्सलचं गणित बदललंय. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. भारतीय टपाल खात्याने तेव्हा अमेरिकेची पार्सलं थांबवली होती, ती ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झाली, ऐन दिवाळीच्या तोंडावर. लहान गटांनी सध्या या फंदात पडू नये असं मला वाटतं. भारतभेटीला येणारे आम्ही लोक ठाण्या-पुण्यातल्या नातेवाइकांकडे मागवून ठेवतो. परतायच्या बॅगेत सुका माल असतोच. त्यामुळे तुमच्या यादीत एक रकाना "परदेशी जाणार" असा ठेवा, त्या पाकिटांना जाड पाऊच आणि ठळक लेबल लागतं.

---

आबोली

मी एका गटाची सचिव आहे. सुरंगीताई, सगळ्यात आधीची अडचण कोणी लिहिली नाही. क्यूआर कोड कोणाच्या नावावर? आमच्या गटाचं खातं दोन सह्यांचं, त्यावर यूपीआय चालू होईना. मग एकीच्या मुलाचा क्यूआर लावला. पैसे त्याच्या खात्यात, तो ठाण्याला. त्याने प्रामाणिकपणे पाठवले, पण दर महिन्याला हिशोब मागायला संकोच वाटायचा, आणि कर्जाच्या वेळी बँकेने विचारलं की गटाची उलाढाल खात्यात का दिसत नाही.

---

सुरंगी

आबोली, फार महत्त्वाचं लिहिलंस, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटात आहे. दोन सह्यांच्या खात्यावरून यूपीआयने पैसे पाठवणं सहसा चालू होत नाही. पण आपल्याला तिथे फक्त पैसे घ्यायचे आहेत. शाखेत जाऊन "गटाच्या खात्यावर व्यापारी क्यूआर हवा" असं लेखी मागा, ठरावाची प्रत जोडा. एका शाखेत नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत विचारा. पैसे वाजून सांगणारा डबा देतात त्याचं मासिक भाडं असू शकतं, घरून विक्री असेल तर तो नकोच.

पैसे गटाच्या खात्यात दिसले तरच पुढचं कर्ज आणि अनुदान. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. बँक तिथे आधी खात्याचा उतारा बघते. मुलाच्या खात्यातली उलाढाल गटाच्या कामाची नाही.

बरेच जण ग्राहकांच्या यादीचा नमुना मागतायत, म्हणून इथेच लिहिते. साधी वही किंवा मोबाइलवरची शीट चालेल. नाव, फोन, गाव आणि पिनकोड, काय घेतलं, कधी घेतलं, पुन्हा केव्हा लागेल, पैसे कसे आले, काही तक्रार, आणि एडिसनकरांनी सुचवलेला रकाना. सोबत "हंगामाचा संदेश पाठवू का?" असं विचारून हो किंवा नाही लिहून ठेवायचं. न विचारता रोज फोटो पाठवले तर लोक नंबर बंद करतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका प्रसारण यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच संदेश पोचतो, म्हणून पहिल्या पार्सलनंतर फोन करून "नंबर गटाच्या नावाने ठेवा" असं सांगायचं. हा फोन गटातल्या बाईनेच करावा, मी नाही. ग्राहकाला तिचा आवाज ओळखीचा झाला पाहिजे.

देवगडी, अधिकृत वापरकर्त्याच्या अर्जाला कोणकोणती कागदपत्रं लागली ते जमलं तर लिहा. तीन गट तयार आहेत.

---

देवगडी

लिहितो. आमच्याकडच्या एकाची अर्जाची फाइल आहे, ती बघून उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो. तोवर तिन्ही गटांचे सातबारे किंवा रातांबे कोणाकडून घेतले त्याच्या पावत्या आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक एका ठिकाणी काढून ठेवा.